अनोळखी मुलांना अहमदाबाद मिळो

मे महिन्यात आयआयएम कलकत्त्याचा निकाल लागला. निवड नाही, नकारही नाही. प्रतीक्षा यादी, आणि नंबर दीडशेच्या पलीकडचा. नकार आला असता तर रडून मोकळी तरी झाले असते. सांगलीत आमच्या गल्लीत बातमी लपत नाही. शेजारचे काका फाटकाशी उभे राहून विचारायचे, "काय गं, आरएसी तरी झालं का?" रेल्वेचा चार्ट निदान गाडी सुटायच्या आधी लागतो, असं त्यांना सांगावंसं वाटायचं.

ही यादी हलते कशी ते समजल्यावर जरा बरं वाटलं आणि जरा विचित्रही. कॅट या प्रवेश परीक्षेला अडीच लाखांहून जास्त मुलं बसतात, पण अगदी वरची पुष्कळशी मुलं अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता अशी सगळीकडे निवडली जातात. शिकायचं मात्र एकाच ठिकाणी. अहमदाबाद मिळालं की सहसा कुणी ते सोडत नाही. त्यामुळे तिथली यादी जेमतेम सरकते आणि बाकीच्या दोन ठिकाणी जागा मोकळ्या होतात. माझी मुलाखत होऊन गेलेली, पर्सेंटाइल ठरलेलं. आता माझं भवितव्य कधी न पाहिलेल्या मुलांच्या हाती होतं. गणपतीच्या देवळात मी हात जोडून त्यांनाच अहमदाबाद मिळो म्हणत होते. आई म्हणाली, "अगं, स्वतःसाठी माग की!"

"तेच मागतेय," मी म्हटलं.

कोझिकोड आणि इंदूरला निवड झाली होती. बाबा सहकारी बँकेत. त्यांनी मुदतीच्या तारखा, भरायची रक्कम आणि माघार घेतल्यास कापले जाणारे पैसे कागदावर मांडले. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही, हे ठरलंच होतं. कोझिकोडचे पैसे भरले. इंदूरची मुदत अजून बाकी होती. काकांचा सल्ला, "राहू दे की तेही, तुझं काय जातंय?" पण इंदूरच्या यादीतल्याही कुणाच्या तरी फाटकाशी असे काका उभे असणार. त्याच संध्याकाळी मी नको असल्याचं कळवून टाकलं. त्या सबंध महिन्यात माझ्या हातून काही हललं असेल तर एवढंच.

मग रात्री जेवणं झाल्यावर एकदाच यादी बघायची, असा नियम केला. तो रोज पाळला गेला असं नाही. दुपारी बाबांकडून नावे-जमा शिकायला लागले. इंजिनिअरिंगच्या मुलीला घसारा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. शिकवताना बाबा चिडायचे, मीही चिडायचे, आणि तेवढा वेळ कलकत्ता डोक्यातून जायचं. जूनमध्ये यादी पुढे सरकली, माझ्या थोडी अलीकडे थांबली.

कोझिकोडच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात कळलं की निम्म्या टेबलाचे कुठल्या ना कुठल्या यादीत नंबर होते. नागपूरच्या एका मुलाचा कलकत्त्याचा नंबर माझ्या जरा आधीचा निघाला. "तू मागे होतीस होय?" तो म्हणाला, "मी रोज बघायचो, पुढचं कोण गळतंय ते."