फोन घेताना आधी आवाज ऐका

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही घरात नवा स्मार्टफोन आणला. शिरोलीच्या फौंड्रीतला पगार, म्हणून अठरा हप्ते बांधून घेतले. थोरल्याने कॅमेरा पाहिला, धाकटीने रंग पाहिला, आम्ही किंमत पाहिली. कानाला लावून मात्र कोणीच पाहिला नाही.

आई गावी असते, गगनबावड्याच्या बाजूला. रोज रात्री जेवणे झाली की आम्ही तिला फोन लावतो. श्रावणातल्या एका रात्री तिचा आवाज तुटक येत होता. "कशी आहेस?" असे विचारले. "मला बरं..." एवढेच ऐकू आले आणि फोन कट झाला. बरं आहे म्हणते, असे समजून आम्ही झोपलो. सकाळी शेजारच्या काकींचा निरोप आला. आई तापाने फणफणली होती. रात्री ती म्हणाली होती, "मला बरं न्हाई." त्यातला "न्हाई" आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मिळेल त्या एस.टी.ने गेलो, तिला कोल्हापूरला आणले. चार दिवस सलाईन लागले, ती बरी झाली. पण त्या एका शब्दाची रुखरुख अजून जात नाही.

आधी आम्ही गावच्या टॉवरला दोष दिला. मग आमचेच सिम शेजाऱ्यांच्या स्वस्तातल्या जुन्या फोनमध्ये घातले आणि त्याच खोलीतून आईला फोन लावला. तिचा खोकलासुद्धा स्पष्ट ऐकू आला! खोट आमच्या नव्या फोनमध्येच होती.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना समजावले होते की, ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः अनुभवाने पारखा. वंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. आणि दुकानात जाऊन आम्ही जाहिरातीवर भरवसा ठेवला!

यंदा धाकट्या बहिणीसाठी फोन घ्यायचा होता. या वेळी पारखूनच घेतला. आधी गावातल्या चौघांना विचारले, तुमच्याकडे कोणत्या कंपनीचे नेटवर्क घरात मिळते? टॉवर लांब असेल तर चांगला फोनही हतबल होतो. मग दुकानदाराला म्हटले, आमचे सिम घालून बोलू द्या. फोन घेऊन बिंदू चौकात गेलो. तिथे 1950 सालापासून महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे आहेत आणि गाड्यांचा गोंगाट दिवसभर असतो. त्या गोंगाटातून घरी फोन लावला. आम्हाला ऐकू येते का, एवढेच पाहून भागत नाही. पलीकडच्याला आपला आवाज नीट जातो का, हेही विचारावे लागते.

आणखी काही गोष्टी ध्यानात आल्या. पडद्यावरच्या काड्यांवर विसंबू नये, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने दाखवते. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस' खाली डीबीएमचा आकडा मिळतो. उणे 80 म्हणजे सिग्नल चांगला, उणे 110 म्हणजे अगदी अशक्त. फोर-जीवरून थेट बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, चालू आहे ना ते पाहावे. पत्र्याच्या घरात सिग्नल अडतो, म्हणून फोन दारात नेऊनही तपासावा. आणि महाग तेच चांगले असेही नाही. 2010 साली ॲपलच्या आयफोन 4 चा खालचा डावा कोपरा हातात धरला की सिग्नल कमी व्हायचा. शेवटी कंपनीने लोकांना फुकट कव्हरे दिली. नेटवर्कच कच्चे असेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, त्यासाठी 1900 वर 'पोर्ट' असा संदेश पाठवावा लागतो.

आमच्या त्या फोनचे हप्ते अजून फिटायचे आहेत. मुले त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहतात. आईला फोन मात्र बहिणीच्या फोनवरून लावतो आणि तिने काय सांगितले ते एकदा उलटून विचारतो.

वाचक बंधू-भगिनींनो, कष्टाच्या पैशातून फोन घ्याल, तेव्हा फोटो नंतर काढा. आधी गावाकडच्या आपल्या माणसाला फोन लावा आणि त्याचे वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येते का, ते पाहा.

जयभीम!