लांब ढांगेची बाई

मीडियम वेव्ह डोंगराला बिचकत नाही. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झची, म्हणजे या बाईंची एकेक ढांग, अर्थात तरंगलांबी, सुमारे 537 मीटरची. कळसूबाई 1646 मीटर. तीन ढांगा, झालं! एफएमची ढांग जेमतेम तीन मीटर. तिला तेच शिखर साडेपाचशे ढांगांचं पडतं. म्हणून आखूड ढांगेच्या मंडळींना उंचावर नेऊन बसवावं लागतं. पुण्यासाठी दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर चढवला तो त्यासाठीच. या बाई मात्र मालाडला, खाडीच्या अंगाला, सखल जागी राहतात. खारं पाणी त्यांना मानवतं, कोरड्या खडकाळ जमिनीवर दम लागतो.

कड्यापाशी त्या करतात काय? आरपार घुसत नाहीत, उडीही मारत नाहीत. कड्याच्या वरून सुटलेला लहरीचा प्रत्येक बिंदू नव्याने चहूकडे पसरू लागतो आणि त्यातलं थोडंसं पलीकडच्या उतारावर उतरतं. लहरीचा प्रत्येक बिंदू असा नव्याने पसरतो, हे शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने 1690 साली प्रकाशाबद्दल लिहून ठेवलं होतं. कड्यावरून लहरीच्या या वळण्याला विवर्तन म्हणतात, आणि ते फुकट होत नाही. प्रक्षेपकापासून तुमच्या सेटपर्यंतची सरळ रेघ धारदार कड्याला नेमकी घासून गेली, तर शक्ती चौथाईवर येते. त्याखाली, डोंगराच्या सावलीत, ती आणखी घटते. लांब ढांगेवालीची हळूहळू, आखूड ढांगेवालीची झपाट्याने. गंमत म्हणजे धारदार कडा परवडतो, गोलमटोल टेकडी जास्त खाते. सह्याद्रीला आपण उगाच बोल लावतो.

बाईंचे काही दोषही लांबीतूनच आलेले. बोगद्यात एफएम थोडी आत येते. बाई तोंडाशीच गप्प होतात, एवढी लांबी त्या भोकात मावतच नाही. कानाला मात्र एफएमच गोड, हे कबूल करायला हवं. शिवाय घरातल्या एलईडी दिव्याने किंवा चार्जरने गुरगुर केली की बाईंचं बोलणं बुडालंच.

तेव्हा डोंगराआड आवाज क्षीण आला, तर सेट फेकू नका. आधी दिवे-चार्जर बंद करा. मग सेट जागच्या जागी हळूहळू फिरवा. आत फेराइटची आडवी कांडी असते. तिचं टोक प्रक्षेपकाकडे असलं की आवाज मरतो, कूस प्रक्षेपकाकडे केली की उघडतो.