सी

शब्द जितका लहान, तितकं त्याचं कूळ ओळखणं अवघड. लांबलचक शब्दाच्या अंगावर उपसर्ग, प्रत्यय, जोडाक्षरं अशा खुणा शाबूत असतात. एका अक्षराचा शब्द मात्र हातोहात फिरून नाण्यासारखा गुळगुळीत होतो, आणि छाप पुसलेली नाणी सगळी सारखीच दिसतात. युरोपातला 'सी' हा असाच एक झिजलेला शब्द. इटलीत आणि स्पेनमध्ये तो होकार देतो. स्पॅनिश आणि फ्रेंच वाक्यात तोच 'जर' होऊन येतो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'स्वतः' असाही होतो, आणि रोमपासून लिस्बनपर्यंत सप्तकातला सातवा सूर याच नावाने गातात. ध्वनी एक, अर्थ चार. अशा वेळी दोन मोह होतात. ध्वनी एक म्हणून कूळ एक असं धरून चालण्याचा पहिला, आणि अर्थांचा एकमेकांशी मेळ नाही म्हणून कुळं चार असं सांगून मोकळं होण्याचा दुसरा. दोन्ही टाळायला हवेत. शब्दांची सोयरीक नुसत्या कानाने ठरत नाही, नुसत्या अर्थानेही नाही. शब्द कोणत्या नियमाने झिजला, त्यावर ती ठरते.

होकारापासूनच पाहू. ज्या लॅटिनने युरोपला कायदा शिकवला, तिच्यापाशी 'होय' असा एक ठरलेला शब्द नव्हता, आणि त्यावाचून तिचं अडलंही नाही. "येतोस का?" या प्रश्नाला मराठीत "येतो" एवढं उत्तर पुरतं; रोमन माणूसही असंच प्रश्नातलं क्रियापद परत म्हणे, नाही तर 'इता' किंवा 'सिक', म्हणजे 'असंच', असं म्हणे. पुढे साम्राज्य मोडलं, लॅटिनच्या बोली झाल्या आणि प्रत्येकीने आपापला होकार घडवला. इटलीत आणि स्पेनमध्ये 'सिक'चा 'सी' झाला, पोर्तुगालमध्ये तो नाकात शिरून 'सिं' झाला. गोव्यात 1961पर्यंत सरकारदरबारी चालला तो हाच. फ्रान्सच्या दक्षिणेने 'होक', म्हणजे 'हे', उचललं आणि त्याचा 'ओक' केला. उत्तरेकडच्या 'होक इल्ले'चा आधी 'ओइल' आणि मग आजचा 'वी' झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने लोकभाषेवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात भाषांची 'सी', 'ओक' आणि 'ओइल' अशी तिघींत वाटणी केली ती याच होकारांवरून. देव, आकाश, प्रेम, समुद्र, पृथ्वी यांचे शब्द या तिन्ही भाषांत सारखे आहेत, तेव्हा त्यांचं मूळ एक, हेही त्याने तिथेच नोंदवलं. मोठमोठे शब्द एकत्र राहिले आणि भाषा वेगळ्या झाल्या त्या एवढ्याशा होकारावर. लांगदॉक या प्रांताच्या नावात तो 'ओक' अजून आहे.

'सी'च्या पोटात कधी काळी 'क' होता हे मानायचं कशावरून? एकट्या 'सी'कडे पाहून ते सिद्ध होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण शब्द एकटा नसतो. इटालियनमध्ये शेवटचा 'क' इतरत्रही असाच पडला आहे. लॅटिन 'इल्लाक', म्हणजे तिकडे, याचा तिथे 'ला' होतो. शिवाय 'असं' हा मूळ अर्थ सांभाळून बसलेली भावंडं आहेत: इटालियन 'कोझी', स्पॅनिश 'आसी', पोर्तुगीज 'असिं', फ्रेंच 'अँसी'. एकाने गमावलेली खूण दुसऱ्याच्या घरी सापडते, आणि तुलना करायची ती यासाठीच.

आता 'जर'. हा लॅटिन 'सी' जसाच्या तसा स्पॅनिश-फ्रेंचमध्ये उतरला. इटालियनमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये त्याचा 'से' झाला. इंग्रजी निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या 'आर.एस.व्ही.पी.'मधला एस तो हाच: 'उत्तर द्या, जर आपल्याला रुचत असेल तर' या फ्रेंच वाक्यातला 'जर', पुढच्या सर्वनामाला बिलगून एका अक्षरावर आलेला. जुन्या लॅटिन लेखांत तो 'सेइ' असा लिहिलेला आढळतो. त्याला 'के' हा बोट दाखवणारा प्रत्यय जोडला की होतो 'सिक'. म्हणजे युरोपातला हा होकार आणि हा 'जर' एकाच आईची लेकरं. भाषाशास्त्रज्ञ त्यांचं मूळ बहुधा त्या जुन्या दर्शक सर्वनामाशी जोडतात, ज्यातून संस्कृत 'सः' आला. यावर कुणी म्हणेल, 'जर' म्हणजे शंका आणि 'होय' म्हणजे खात्री. ही एका घरातली कशी? मराठीतच बघा. "असं झालं तर" यातही 'असं' आहे आणि "असंच!" यातही. पहिल्यात ती गोष्ट नुसती समोर मांडली, दुसऱ्यात ती पत्करली. बोट दोन्हीकडे एकाच गोष्टीकडे आहे.

तिसऱ्या 'सी'चं कूळ मात्र वेगळं. 'स्वतः' या अर्थाचा स्पॅनिश शब्द लॅटिन 'सिबी'पासून आला. त्यातला मधला 'ब' विरून गेला. त्याचं मूळ आणि संस्कृत 'स्व' यांचं मूळ एक आहे. स्पॅनिश लेखनात होकाराच्या आणि 'स्वतः'च्या 'सी'वर तिरकी रेघ देतात. 'जर' आणि सातवा सूर यांच्यावर ती नसते. ही रेघ आघातापुरती. तिच्या नादाने गेलं तर सख्खी भावंडं दुरावतात आणि परकी जवळ येतात. चौथा 'सी' तर कुठल्याच झिजेतून आला नाही. अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदोने संत योहानच्या स्तोत्रातल्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन सहा सुरांना नावं दिली. सातव्याचं नाव पुष्कळ नंतर, त्याच स्तोत्राच्या शेवटी येणाऱ्या संताच्या लॅटिन नावाची दोन आद्याक्षरं जोडून केलं. हे नाव मुद्दाम घडवलेलं, म्हणून मुद्दाम बदलताही आलं: एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या संगीतशिक्षकांनी त्याचा 'टी' केला.

अजून एक आक्षेप उरतो, आणि तो आपल्याकडे जास्त ऐकू येतो. 'सः' आणि 'स्व' जर युरोपात सापडतात, तर कानाला सारखा लागणारा कुठलाही शब्द संस्कृतातून तिकडे गेला असं का म्हणू नये? म्हणू नये, कारण तोच कान फसवतो. इंग्रजी 'येस'च्या शेपटातही एक 'सी' दडलेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात: जुना होकार 'येआ' आणि त्यापुढे 'सी', म्हणजे 'असो'. तो लॅटिन 'सिक' असेल असं वाटतं, पण नाही. ते 'अस्' धातूचं रूप आहे. त्याचा संस्कृतातला जोडीदार 'सः' नव्हे, स्याद्वादातला 'स्यात्'. शिवाय जोडीदार म्हणजे बाप नव्हे. दोघांचाही पूर्वज त्यांच्याहून जुना. विल्यम जोन्सने 1786मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगितलं, तेव्हा त्याने बोट ठेवलं ते धातूंवर आणि व्याकरणातल्या रूपांवर. सुट्या शब्दांच्या यमकावर तो विसंबला नाही.

स्वतःला होकार देणं म्हणजे स्वतःकडे परतणं, असा सुविचार स्पॅनिश 'सी'वरून सहज रचता येईल. ऐकायला तो गोड लागेल, पण व्युत्पत्तीत त्याला थारा नाही. जे नातं खरं आहे ते जरा रुक्ष आहे आणि जास्त सखोलही: या भाषांतला होकार ज्या 'असं'मधून निघाला, त्याच 'असं'मधून त्यांचा 'जर' आधी निघून बसला होता.