पास काढताय? आधी खाडी मोजा!

बोरिवलीकरांची शाळेची सहल म्हणजे एकेकाळी गोराईची खाडी, डुगडुगणारी फेरीबोट आणि पलीकडे एस्सेलवर्ल्ड असायचं! ते सुरू झालं 1989 साली, शेजारचं वॉटर किंगडम 1998 मध्ये. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना मात्र तिथे जायचं म्हणजे आधी अख्खी मुंबई आडवी कापा. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं आणि पारडं फिरलं. सेंट्रलची लोकल खोपोलीपर्यंत जाते, पुढे पाली रोड. आता बोरिवलीकर कुरकुरतात!

मग वर्षाचा पास कुणाला परवडतो? पार्कवाल्यांचा हिशेब आधीच झालेला असतो, बॉस. वंडरलाचंच बघा ना. कोची, बंगळुरू, हैदराबाद. ब्रँड एक, तिकीट प्रत्येक शहरात वेगळं. त्या शहराचा खिसा केवढा, राइड्स किती, गर्दी कधी, सगळं त्यात धरलेलं. मधल्या वारी स्वस्त, वीकेंडला महाग. आणि आपली सुट्टी कधी? बरोब्बर.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपने एकदा हौसेने पास काढले. पहिल्या फेरीला सहाजण, दुसरीला दोघं. तिसरी झालीच नाही. कुणाचं रिलीज, कुणाचा साखरपुडा. आमचे न वापरलेले रविवार हाच त्यांचा नफा!

तेव्हा पासाच्या किमतीला वीकेंडच्या तिकिटाने भागा. उत्तर चार आलं, तर चार रविवार आत्ताच कॅलेंडरवर लिहून दाखवा. लोकल, रिक्षा, लॉकर, वडापाव वेगळे. आणि काउंटरवर दोन प्रश्न नक्की विचारा: दिवाळीत चालेल का, आणि यांच्याच दुसऱ्या गावातल्या पार्कात?