मेहर माफ?

राळेगावात लग्नघराचा पत्ता विचारावा लागत नाही. मांडव दिसतो, हळदीचा वास येतो. आमच्या मोहल्ल्यातही हळद लागते. शेजारच्या मराठी काकू नवरीला हळद लावून जातात. गाणी निम्मी उर्दूत, निम्मी वऱ्हाडीत. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, बाजारात वऱ्हाडी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठीत लिहितो. यात आम्हाला कधी अडचण वाटली नाही. हळद लावल्याने ईमान कमी होत नाही. ही या मातीची देणगी आहे.

पण प्रत्येक रिवाज हळदीसारखा निर्मळ नसतो.

काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातले एक शेतकरी वारले. जनाजा उचलण्यापूर्वी त्यांच्या बीबीला मय्यतीजवळ आणलं. एक बुजुर्ग खाला म्हणाल्या, "बहू, मेहर माफ कर दे. उसकी रूह को सुकून मिलेगा." त्या बाईला धड उभंही राहवत नव्हतं. तिने मान हलवली. झालं, मेहर माफ! तेवढ्यात बाहेरून आवाज आला : मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर त्यांच्या मुलांना भेटा. ते ऐकून आम्ही सुन्न झालो. परक्यांचं देणं मागायची दवंडी बाहेर, आणि बायकोचं देणं आत डोळ्यांच्या पाण्यात बुडवलेलं! पुढे कापूस विकला गेला तेव्हा कृषी केंद्राची उधारी मुलांनी पैसा न् पैसा चुकती केली. आईच्या मेहरचं नाव कुणी काढलं नाही. आईनेही नाही. आणि आम्ही, दोन बुकं शिकलेले, त्या दिवशी तिथेच उभे होतो. गप्प.

त्या रात्री आम्ही पेटीतून आमचा निकाहनामा काढला. उर्दू शिकवणारे आम्ही, पण त्यावर सही करताना एक ओळ वाचली नव्हती. बोट ठेवलं तिथे सही केली. त्यात एक शब्द होता, मुअज्जल. उर्दूत हा शब्द दोन प्रकारे लिहितात. ऐनने लिहिला तर मेहर ताबडतोब द्यायचा. वाव-हमजाने लिहिला तर नंतर, मुदतीने. कानाला दोन्ही सारखेच. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, वाचणाऱ्यालाच कळतो. आमच्या कागदावर ऐन होता. रक्कम अकरा हजार, आणि लग्नाला आठ वर्षं झाली होती.

आम्ही घरात विषय काढला. दोन दिवस घर गप्प होतं. "तुला काय कमी आहे?" असा सवाल आला. आम्ही म्हटलं, कमी काही नाही, हक आहे. दोन महिन्यांनी पैसे आमच्या खात्यात जमा झाले. घर मोडलं नाही. उलट मोठ्या नणंदबाई एका संध्याकाळी आपला निकाहनामा पदराखाली घेऊन आल्या. म्हणाल्या, "जरा पढके बताओ."

तलाकच्या प्रश्नावर हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. एका दमातला तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द केला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये एक्कावन्न वर्षं गेली. मेहरसाठी तर मोर्चाचीही गरज नाही. सूरह निसामध्ये बायकांचा मेहर खुशीने देण्याचा हुकूम आहे. शरीयतमध्ये ते नवऱ्यावरचं कर्ज आहे, वारसांचे हिस्से पाडण्याआधी फेडायचं. देशाचा कायदाही ते देणंच मानतो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने मेहरला हुंड्यातून वेगळं ठेवलं आहे. आणि आम्ही काय केलं? ज्याला बंदी आहे तो हुंडा जहेजच्या नावाने रोख मोजतो, आणि जो फर्ज आहे तो मेहर माफ करून घेतो.

बाईने राजीखुशीने मेहर सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण मय्यतीसमोर, चार जणींच्या घेऱ्यात हलवलेली मान ही राजीखुशी असते का?

आम्ही वर्गात राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्ये शिकवतो. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे हे एक कर्तव्य. लगेच त्याखाली दुसरं, संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे. घटनाकारांच्या देशाला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवताना अडचण आली नाही. आम्हाला का यावी? हळद जपू या, गाणी जपू या. मेहर माफीचा रिवाज सोडू या.

आता दरवर्षी दहावीच्या मुलींना आम्ही फळ्यावर दोन्ही मुअज्जल लिहून दाखवतो. मागच्या वर्षी एकीने विचारलं, "आपा, एका अक्षराने एवढा फरक पडतो?"

पडतो बेटा. म्हणून तर सहीच्या आधी वाचायचं असतं.