भादवा यायच्या आत



सध्या आमच्या अकोले तालुक्यात ऊसतोड जोरात आहे, उन्हाळी कांद्याच्या लागणी चालू आहेत आणि बांधाबांधावर कुत्र्याची पिल्लं दिसायला लागली आहेत. दरवर्षी याच दिवसांत दिसतात. गावठी कुत्रीचा माजाचा मुख्य हंगाम भादवा. गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकात विते. दीड-दोन महिन्यांत पिल्लं आईपासून तुटतात, तोवर पौष आलेला असतो. एका वेळेला चार-सहा पिल्लं धरा. त्यातली एक-दोन कोणीतरी मागून नेतो, तीही नर असतील तर. माद्या उरतात.

उरलेल्या माद्यांचं काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. संध्याकाळी पोत्यात घालून कोणीतरी मोटरसायकलवरून निघतो. हायवेच्या ढाब्याजवळ, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ, नाहीतर दुसऱ्या गावच्या शिवारात पोतं मोकळं होतं. ढाब्यावरची गाडीखाली जातात. कोप्यांजवळची हंगाम संपेपर्यंत भाकरी खातात, तोडणीवाले परत गेले की तिथंच राहतात. पुढच्या भादव्यात त्यातल्याच माद्या माजावर येतात. आपण ज्याला मोकाट कुत्रं म्हणतो त्याची आजी बहुतेक वेळा कोणाच्या तरी दारात भाकरी खाऊन वाढलेली असते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवरच्या काळीचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून विचारणारे बरेच आहेत. टिंगल करणारेही आहेत, पण त्यातले निम्मे नंतर हळूच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपल्याला हा विषय नवा नाही. गोऱ्हा औताला धरायचा तर आपण खच्ची करतो. बोकड वजनाला वाढवायचा तरी खच्ची करतो. गाईच्या माजाची तारीख कॅलेंडरवर लिहितो, कोणती कालवड कोणत्या वळूची ते वहीत असतं. फक्त दारातल्या कुत्रीपुढं आणि घरातल्या मांजरीपुढं आपला हिशेब थांबतो. शेजारचे तात्या मला म्हणाले, "आरं, मुक्या जनावराचं पोट फाडायचं म्हंजी पाप नाय का? दत्ताच्या पायाशी कुत्री हायेत." मी म्हणालो, "तात्या, दत्ताच्या पायाशी हायेत, पोत्यात नाय." तात्या काही बोलले नाहीत. चुना काढला आणि तंबाखू मळत बसले.

आता बिबट्याबद्दल. हा आपल्याकडे थट्टेचा विषय नाही. रात्रीची लाईट असली की बारं द्यायला कोणाच्या तरी घरातला माणूस उसात जातोच. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच अकोले भागात बिबट्यांचा अभ्यास केला. विष्ठा तपासून बिबट्या काय खातो ते काढलं. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरं १५ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. शेळ्यांची संख्या तर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. पण शेळी दिवसा माणसाच्या नजरेत आणि रात्री गोठ्यात असते, कुत्रं मात्र रात्रभर मोकळं फिरतं.

यावर एक प्रश्न हमखास येतो, "कुत्री कमी झाली तर बिबट्या शेळीवर येईल की!" प्रश्न रास्त आहे. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरून बंद पाहिजे, हे कुत्री असोत-नसोत लागूच आहे. पण दरवर्षी उसाच्या कडेला नवीन पिल्लं टाकायची आणि मग बिबट्या वस्तीजवळ का येतो म्हणून पिंजरा मागायचा, हे काही मला पटत नाही. रोज ताट वाढलेलं असेल तर पाहुणा उठून जाईल कशाला?

ऑपरेशन केलं म्हणून तुमचं कुत्रं बिबट्यापासून वाचेलच असं नाही. पण भादव्यात माजावरच्या कुत्रीमागं चार-चार वस्त्या ओलांडून जाणारा नर खच्ची केल्यावर पुष्कळसा घरी थांबतो. दारात माजावरची कुत्री नसली की बाहेरचे सात-आठ नर रात्रभर अंगणात भांडत नाहीत. पोरं सकाळी शाळेला निघतात तेव्हा हे टोळकं वाटेत नसतं.

आता गोठ्याचं बोलू. हे दूधवाल्यांनी नीट वाचा. नियोस्पोरा नावाचा एक परजीवी आहे. गाय व्याल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेलं वासरू कुत्र्यानं खाल्लं की तो त्याच्या पोटात जातो, त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि चाऱ्यातून, पाण्यातून गाईच्या पोटात जातो. गाय पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडते. पुढं तो आईकडून पोटातल्या वासरात उतरतो, म्हणजे कालवडही घेऊन जन्मते. प्रत्येक गर्भपात यानेच होतो असं नाही. ब्रुसेला आहे, इतरही कारणं आहेत, डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण वार खोल पुरणं आणि कुट्टीच्या ढिगावर कुत्र्यांना झोपू न देणं आपल्या हातात आहे. गोठ्याभोवती दोन ओळखीची कुत्री असली तर हे जमतं, दहा असली तर नाही.

मांजराचंही तसंच. टॉक्सोप्लाझ्मामुळं शेळ्या-मेंढ्या गाभडतात. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, आणि मुख्यतः मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण होते तेव्हाच्या थोड्या आठवड्यांत. म्हणजे बहुतेक वेळा कोवळ्या, नुकत्या शिकार करायला लागलेल्या पिल्लांकडून. घरात दोन जुनी, ऑपरेशन झालेली मांजरं असणं वेगळं आणि वर्षाला दोन-तीन वेत असणं वेगळं. मांजर काढून टाका असं मी म्हणत नाही. कांदाचाळीत आणि धान्याच्या कोठीजवळ उंदराला मांजराइतका स्वस्त उपाय नाही. ऑपरेशन झालेली मांजरी उंदीर तशीच धरते, उलट बोक्यांमागं भटकत नाही म्हणून घराजवळ राहते. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही परत माजावर येऊ शकते. तेव्हा मोठी झाल्यावर बघू म्हणत बसू नका.

पिसाळण्याचं, म्हणजे रेबीजचं, एक गणित समजून घ्या. भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण दर हिवाळ्यात बिनलशीची नवीन पिल्लं येत राहिली तर हा आकडा टिकत नाही. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज यांनी मिळून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांत पोरांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथलं मुख्य काम लसीचं. निर्बीजीकरणानं कुत्र्यांची भर थांबते आणि दिलेली लस वाया जात नाही. नुसतं ऑपरेशन करून लस विसरलात तर अर्धंच काम झालं. आणि कुत्रं चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

वेळ: माघ ते चैत्र. कार्तिकात व्यालेल्या कुत्रीची पिल्लं तोवर तुटलेली असतात, पुढचा मुख्य माज लांब असतो आणि पाऊस नसतो. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडायची भीती असते. कुत्री ऐन माजावर असताना रक्तस्राव जास्त होतो, तेव्हा टाळा. वय साधारण सहा महिन्यांपासून पुढं. अंगानं मोठ्या जातीच्या कुत्र्याला थोडं थांबावं लागतं, डॉक्टर सांगतील.

काय करतात: कुत्रीला पूर्ण भूल देऊन अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. नराचे वृषण काढतात. बैलाचा बर्डिझो चिमटा, रबराचं कडं असले प्रयोग कुत्र्यावर अजिबात करू नका. हे डॉक्टरांचंच काम आहे.

आदल्या रात्रीपासून: भाकर तुकडा काही नाही. भुलीत उलटी झाली तर जीव जाऊ शकतो. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा.

नंतर: दहा दिवस बांधून, कोरड्या जागेत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं मिळतं. आम्ही पोराचं जुनं बनियन घातलं, तेही चाललं. बारं चालू असेल तर चिखलात जाऊ देऊ नका. सूज, वास, पाणी दिसलं तर लगेच दाखवा. नराचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे तो गाभण ठेवू शकतो, तेवढे दिवस सांभाळा. पुढं अंग सुटतं, म्हणून भाकरीचा हात थोडा आखडा.

इंजेक्शन: माज थांबवायचं इंजेक्शन स्वस्तात मिळतं म्हणून वर्षानुवर्षं टोचत राहू नका. त्यानं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. मोठ्या वयाच्या कुत्रीत हा आजार तसाही दिसतो आणि वेळेत कळला नाही तर ती दगावते. ऑपरेशन झालेल्या कुत्रीत ही भीती जवळपास राहत नाही. लहानपणी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठीही कमी होतात. "एकदा तरी व्यायला पाहिजे" या म्हणण्याला वैद्यकात काही आधार नाही.

खर्च: आमच्या जवळच्या दवाखान्यात भूल देऊन पोट उघडायची सोय नव्हती. दोन ठिकाणी विचारून शेवटी खासगी डॉक्टरांकडं नेलं. पंधरा लिटरच्या गाईचं आठवडाभराचं दूध जेवढ्याला जातं तेवढा खर्च आला. गरिबाला हा जास्तच आहे. म्हणून तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आणि जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात आधी चौकशी करा. आठ-दहा वस्त्यांनी मिळून एकाच दिवशी कुत्री आणतो म्हटलं तर डॉक्टरही विचार करतात.

राखण सुटते का? काळीला विचारा. परवा रात्री पाईप चोरायला आलेल्या दोघांना तिनं कॅनॉलपर्यंत पोचवलं.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं पाळीव जनावराचं जंतनाशक, लस आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून जे झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. तिथंही त्या महिन्याच्या आदेशात निर्बीजीकरण आणि लस करून कुत्रं त्याच जागी सोडायचं, पिसाळलेलं आणि अंगावर येणारं सोडून, असं ठरलं. पण वस्तीवरच्या कुत्र्याचा मालक कोण? लस द्यायची वेळ आली की ते कोणाचंच नसतं, चोर आला की सगळ्यांचं असतं. माझ्या मते जो भाकर टाकतो तो मालक.

आमच्या चार वस्त्यांवर मिळून यंदा पाच माद्या आहेत. त्यातल्या तिघींचं माघात करायचं ठरलंय, वर्गणी निम्मी जमली आहे. चौथी तात्यांची. परवा त्यांनी विचारलं, "गाडीत जागा हाय का रं?" पाचवीच्या मालकाशी बोलणं चालू आहे. तुमच्या तालुक्यात कोणता दवाखाना हे काम करतो, किती घेतो, ते कळवा. म्हणजे पुढच्या माणसाला दोन ठिकाणी फिरावं लागणार नाही.