माळ्यावरचा पाळणा

आमच्या घराच्या माळ्यावर एक सागवानी पाळणा आहे. सासूबाईंनी त्यात नऊ लेकरे जोजवली, मी दोन. २०१८ साली मुलाचा विवाह झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच नाताळात मी तो पाळणा खाली उतरवून घेतला. दोऱ्या बदलल्या, लाकडाला तेल लावले. कोणी काही बोलले नाही. सूनबाईने त्यावरून एकदा हात फिरवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सासूबाईंचा काळ निराळा होता. वसईच्या वाडीत रहाट हाकायला, केळीला पाणी द्यायला, पानमळ्यात पाने खुडायला माणसे लागत. घरात जितके हात अधिक, तितका संसार सावरे. त्यांच्या नऊ लेकरांपैकी तीन अकाली गेली. किती मुले हवीत, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता; त्यांनी स्वतःलाही तो विचारला नसावा.

आमचा विवाह १९८१ सालचा. पुढच्याच वर्षी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि यजमानांची नोकरी गेली. माझ्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालले. दोन मुलांनंतर आम्ही दोघांनी प्रार्थनापूर्वक ठरवले की, आता पुरे. सासूबाईंना ते रुचले नाही. त्या भांडल्या नाहीत; परंतु कितीतरी महिने मला पाहिले की मान वळवीत. त्या वळवलेल्या मानेचे दुःख मी अनेक वर्षे मनात जपले.

पुढे धर्मगुरूंच्या सांगण्यावरून आम्ही पतिपत्नी विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात बोलू लागलो. 'जबाबदार पालकत्व' हा विषय माझ्याकडे असे. तरुण जोडप्यांपुढे मी मोठ्या आत्मविश्वासाने बोलत असे. एवढे असूनही, सहा वर्षे पाळणा रिकामा राहिला तेव्हा मी काय केले? नोव्हेना केल्या. मिस्सानंतर मंदिराच्या दारात 'काही गोड बातमी?' असे कोणी विचारले की, सूनबाई शेजारी उभी असतानाच मी सुस्कारा टाकू लागले. आणि उपवासकाळातील एका संध्याकाळी तिला म्हणाले, "बाळ, त्या पाळण्याला आता वाळवी लागेल गं."

तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तुम्हाला आधीच सांगायला हवे होते," ती म्हणाली. "माझ्या भावाला तुम्ही पाहिले आहे."

तिचे माहेर उत्तनच्या कोळीवाड्यात. धाकट्या भावाला जन्मतः डाऊन सिंड्रोम आहे. तो तिशीकडे झुकला आहे; हसरा, प्रेमळ, परंतु अंघोळीपासून औषधापर्यंत त्याला कोणीतरी जवळ लागते. आईवडील सत्तरीला आलेले.

"त्यांच्यामागे तो आमच्याकडे येणार. आम्ही दोघांनी त्याला तसा शब्द दिला आहे. सकाळच्या गाडीला लोंबकळत आम्ही दोघे जातो, रात्री परततो. त्याला सांभाळायचे आणि लहान बाळालाही वाढवायचे, एवढे बळ आज आमच्यात नाही. उद्या येईल का, ठाऊक नाही. देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकाराल का, असे वेदीसमोर विचारले तेव्हा आम्ही होकार दिला. आई, मी त्या दिवशी खोटे बोलले नाही. दर महिन्याला आम्ही दोघे बसून हा प्रश्न देवापुढे पुन्हा ठेवतो."

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री शिबिराची जुनी वही काढली. माझ्याच अक्षरांत टिपणे होती. संतती ही विवाहाची श्रेष्ठ देणगी आहे; मात्र मुलांविषयीचा निर्णय अखेर पतिपत्नींनीच, देवासमोर, सद्सद्विवेकाने घ्यायचा असतो, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण. शारीरिक, आर्थिक, मानसिक व सामाजिक परिस्थिती पाहून, गंभीर कारण असल्यास, नैतिक नियमांचा मान राखून, दांपत्य काही काळ वा अनिश्चित काळही अपत्यजन्म टाळू शकते, हे सहावे पोप पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकातील म्हणणे. परक्यांच्या मुलांना हे समजावताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता. स्वतःच्या मुलाच्या घरात मात्र मी सासूबाईंसारखी मान वळवून बसले होते.

आज काळ बदलला आहे, हे खरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ एवढीच आहेत. यात कोणाची अडचण असेल, कोणाची भीती, कोणाची निव्वळ सुखासीनता. कारण गंभीर आहे की सोयीचे, हे प्रत्येक जोडप्याने देवासमोर प्रामाणिकपणे तोलायलाच हवे. पण तो तराजू त्यांच्या हाती आहे. शेजारणीच्या नाही, सासूच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मदतीने पाळणा पुन्हा माळ्यावर ठेवला. रागाने नव्हे, दोऱ्या सोडवल्या आणि स्वच्छ चादरीत तो गुंडाळून ठेवला. नातवंडाची ओढ संपली, असे म्हटले तर ते असत्य ठरेल. ती मी देवाला सांगते. सुनेला सांगत नाही.

गेल्या नाताळात तिचा भाऊ आमच्याकडे चार दिवस राहिला. टॉवेल कुठल्या खुंटीला लावायचा, हे त्याला पहिल्याच दिवशी पाठ झाले. जेवायला मासे आहेत का, हे तो दिवसातून दहा वेळा विचारी. अंघोळीसाठी त्याला तयार करताना यजमानांची दमछाक झाली आणि सूनबाई कशाविषयी बोलत होती, ते मला नीट उमगले.

भगिनींनो, मंदिराच्या दारात तिला पुन्हा काही विचारावेसे वाटले, तर एवढेच विचारा: भाऊ कसा आहे, आणि एखाद्या शनिवारी त्याच्याजवळ आम्ही बसू का?